पानावरून उठण्याचा धाक

माझी बायको गेली त्यानंतर तिच्या शाळेत शोकसभा झाली. मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. एक वयस्क शिक्षिका बोलायला उभ्या राहिल्या, त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "बाई आपल्या सर्वांना चटका लावून गेल्या." ते ऐकून मला हसू आलं. ओठ मिटून दाबता येईल असं नव्हे. खांदे हलवणारं, नाकातून आवाज काढणारं हसू. मी रुमाल तोंडावर धरला. मागच्या रांगेतल्या कुणीतरी माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हटलं, "रडून घ्या सर, मोकळे व्हा." त्यानं ते आणखीच वाढलं.

त्या शिक्षिकेचा काही दोष नव्हता. चटका हा शब्द आमच्या घरात भलत्याच अर्थानं रुळलेला होता. त्याचा संबंध आमच्या लग्नाशी, पाण्याच्या एका ड्रमाशी आणि अणुबॉम्बशी होता. हे एवढं त्या सभेत उठून सांगितलं असतं तर लोकांनी मला धंतोलीतल्या एखाद्या डोक्याच्या डॉक्टरकडे नेलं असतं. म्हणून इथे लिहितो आहे. मी हळू लिहितो. दिवसाला एक परिच्छेद झाला तरी पुष्कळ. ती असती तर म्हणाली असती, "एवढ्या वेळात माझ्या मामानं लुगडं विणून काढलं असतं."

ती उमरेडची, विणकरांच्या घरातली. नागपुरात मुलींच्या शाळेत नोकरी लागली तेव्हापासून मामाकडे राहायची. मामाच्या बाहेरच्या खोलीत दोन हातमाग होते. हातमागाखाली जमिनीत खड्डा असतो. विणणारा काठावर बसतो आणि पाय खड्ड्यात सोडून माग चालवतो. हा खड्डा पुढे एकदा बोलण्यात येणार आहे म्हणून सांगून ठेवलं. मी मौद्याकडच्या शेतकऱ्यांच्या घरातला. शिकलो, कॉलेजात राज्यशास्त्र शिकवू लागलो, आणि चार माणसांत बोलायची वेळ आली की खिशातून कागद काढायचा, अशी सवय लागली.

आमची ओळख अणुबॉम्बनं करून दिली. वस्तीतल्या वाचनालयात रविवारी सकाळी चर्चामंडळ भरायचं. बांगलादेशची लढाई होऊन फार दिवस झाले नव्हते. आपणही बॉम्ब करावा की नाही यावर पानठेल्यांवरसुद्धा वाद चालायचे. मंडळानं मला त्या विषयावर बोलायला सांगितलं. मी जाडजाड इंग्रजी पुस्तकं वाचून टिपणं काढली होती. त्या पुस्तकांत जो एक लांबलचक शब्द वारंवार यायचा त्याला मी मराठीत 'धाक' असा शब्द योजला होता आणि मनातून त्यावर खूश होतो. मी कागद वाचत गेलो: दोघांकडे बॉम्ब असला की दोघेही तो टाकत नाहीत, कारण टाकणाऱ्यालाही उलट तडाखा बसणार हे त्याला माहीत असतं. दोन महासत्ता इतकी वर्षं एकमेकींवर गुरगुरत आहेत पण थेट भिडलेल्या नाहीत. तेव्हा धाक हे देशरक्षणाचं खात्रीचं साधन आहे.

खिडकीजवळच्या बाकावरून एक मुलगी उठली.

"सर, एक शंका होती. हा धाक वापरला की संपतो ना?"

"हो. वापरायची वेळ येऊ नये म्हणूनच तो असतो."

"आणि समोरच्याला कळलं की हा माणूस वापरणारच नाही, तरी संपतो?"

"तरीही संपतो."

"म्हणजे रोज उठून जगाला पटवायचं की मी वेडा आहे, आणि आतून मात्र शहाणंच राहायचं. हे माणसाला किती दिवस जमतं?"

सगळे हसले. मी "मुद्दा चांगला आहे" असं म्हणालो आणि कुठल्या पानावर होतो तेच मला सापडेना.

सभा संपल्यावर ती पायऱ्यांवर थांबली होती. शंका विचारल्याबद्दल क्षमा मागायला थांबली असेल असं मला वाटलं. ती म्हणाली, "लढाईच्या वेळी भोंग्याचा सराव व्हायचा, आठवतं ना? खंदकात उतरा म्हणायचे. आमच्या मोहल्ल्यात एकानंही खंदक खणला नाही. मागाचे खड्डे तयारच होते. भोंगा वाजला की मामा विणतच राहायचे, पाय खंदकातच आहेत म्हणून. मामी ओरडायची, 'पाय वाचतीन हो, डोक्शाचं काय?' सर, तुमचा धाक मला तसा वाटतो. पाय खंदकात, डोकं बाहेर."

मी पुस्तकांतून याचं उत्तर शोधायला दुसऱ्या रविवारची मुदत मागितली. मग तिसऱ्या रविवारची. हिवाळा संपेपर्यंत आम्ही वाचनालयापासून तिच्या मामाच्या गल्लीच्या तोंडापर्यंत बॉम्बवर भांडत चालत जायचो. नागपूर देशाच्या मधोमध आहे याचा मला नागपूरकर म्हणून अभिमान होता. मी म्हणायचो, इथवर कुठलाही शत्रू सहज पोचणार नाही. ती म्हणायची, "बरोबर. कोणाकडूनही सारखंच दूर, म्हणजे सगळ्यांनाच सोयीचं." गल्लीच्या तोंडाशी आम्ही थांबायचो. एकदा तिथे थांबून, बॉम्बविषयी वाक्य सुरू करून मी ते लग्नाच्या मागणीनं संपवलं. कागद न घेता बोललेलं ते माझं पहिलं वाक्य असावं. ती इतकी हसली की समोरच्या किराणावाल्यानं मान बाहेर काढून पाहिलं. हसू संपल्यावर हो म्हणाली.

जाती वेगळ्या होत्या. दोन्ही घरांत आधी रडारड झाली, मग सात-आठ महिने अबोला, आणि शेवटी दोन्हीकडून एकाच प्रकारचा होकार आला: करा, पण आमचा मान राहिला पाहिजे. मान राखून घेण्याचं काम आमच्याकडून माझ्या थोरल्या काकांनी घेतलं, त्यांना आम्ही सगळे मोठेबाबा म्हणायचो. आणि तिच्याकडून मामांनी. दोघेही साठीच्या पुढचे, आणि दोघांची कीर्ती एकाच गोष्टीसाठी. दोघेही एकेकदा भरल्या पानावरून उठलेले होते.

आमच्याकडे लग्नाच्या पंगतीत मानाचा माणूस अर्ध्या जेवणातून उठला, याहून मोठा अनर्थ नाही. तो उठला की त्याच्या बाजूचे सगळे उठतात. उठलेल्या पानावर परत बसता येत नाही. लग्नं मोडतात, आणि मोडली नाहीत तरी गावं एकमेकांकडे जाणं सोडतात. मोठेबाबा तरुणपणी एका चुलतभावाच्या लग्नात उठले होते. पोळी गार होती म्हणे. त्या गावाशी आमचं बोलणं अजून नाही. मामा उठले होते ते त्यांना अहेरात गिरणीचं धोतर दिलं म्हणून. हातमागावर जन्म काढलेल्या माणसाला गिरणीचं धोतर!

त्यामुळे बोलणी फारच सुरेख झाली. इतक्या नम्रपणे बोलणारी माणसं मी त्याआधी पाहिली नव्हती.

"इवाई, तुमी म्हनान तसं," मामा म्हणायचे. आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात.

"छे बाप्पा, तुमी म्हनान तसं," मोठेबाबा ओरडायचे. त्यांना कमी ऐकू यायचं, त्यामुळे त्यांची नम्रताही गल्लीभर ऐकू जायची.

मी अगदी हरखून गेलो होतो. पुस्तकातलं सगळं प्रकरण माझ्या डोळ्यांसमोर धोतर नेसून बसलं होतं. दोघांकडे अस्त्र आहे, दोघांनी ते एकदा चालवून दाखवलेलं आहे, म्हणून आता कोणीच चालवत नाही. मी तिला गल्लीच्या तोंडाशी म्हणालो, "बघ, धाक चालतो."

"अजून जेवण कुठे झालंय?" ती म्हणाली.

आम्ही पैज लावली. पंगत सुखरूप पार पडली तर तिनं धाक चालतो हे कबूल करायचं. नाही पार पडली तर पावसाळ्यात कॉलेजात माझं जे जाहीर व्याख्यान ठरलं होतं त्यात तिला हवा तो प्रश्न विचारायचा आणि मी कागद न पाहता उत्तर द्यायचं. पंगत पार पडली नाही तर मुळात लग्नच होणार नाही, हे दोघांनाही माहीत होतं. मुहूर्त गोरजाचा होता, जेवण त्याच्या आधी दुपारचं. आणि नवरीला बोहल्यावर आणायचं ते मामांनीच. मामा उठले तर तिला कोण आणणार? पण त्या वयात माणूस अशाही गोष्टीवर पैज लावतो.

लग्न मामाच्या घरी होतं. मे महिना होता, नागपूरचा. मागाच्या खड्ड्यांवर फळ्या टाकून, वर सतरंजी अंथरून पंगत बसवली होती. खिडकीत कुणीतरी ट्रान्झिस्टर ठेवला होता, त्यावर गाणी चालली होती. मोठेबाबा माझ्या उजव्या हाताला, आणि समोरच्या रांगेत, नेमके समोर, मामा. खरं तर मामांनी वाढायला उभं राहायचं. पण मोठेबाबांनी आग्रह केला, "तुमी बसान तं मी बसतो," आणि मामा बसले. दोघांमध्ये पळसाच्या पत्रावळींच्या दोन ओळी आणि एक उदबत्तीचं झाड.

जेवण आमरसाचं होतं. मामा सकाळपासून रसाच्या काळजीत होते. आंबा थोडा आंबट निघाला होता. त्यात साखर घालून झाली, वेलची घालून झाली, तरी मामा स्वयंपाकघराच्या दाराशी जाऊन विचारून आले होते, "पुन्हा चाखून पाह्य वं, इवायाले गोड लागन का?" मोठेबाबांच्या द्रोणात रस वाढला गेला तेव्हा मामांचा घास हातातच थांबला. मोठेबाबांनी पोळीचा तुकडा रसात बुडवला, तोंडात टाकला, चावला.

तेवढ्यात गाणं थांबलं आणि बातम्या लागल्या.

निवेदिकेचा आवाज नेहमीसारखाच संथ होता. देशानं वाळवंटात, जमिनीखाली, शांततामय उपयोगांसाठी अणुस्फोट केला होता. सकाळपासून गावात सगळ्यांना ठाऊक असेल. आमच्याकडे हळदीच्या गडबडीत कुणाला पत्ता नव्हता. खिडकीजवळ बसलेला माझा एक मित्र ओरडला, "फोडला! आपल्यानं फोडला!"

मोठेबाबांना 'फोडला' एवढंच ऐकू आलं. कुणी काय फोडलं हे कळण्यासाठी ते उठले, खिडकीकडे गेले, रसानं माखलेला हात एका बाजूला सांभाळत दुसरा हात कानाशी धरून ट्रान्झिस्टरवर वाकले. एवढंच. त्यात राग नव्हता, धाक नव्हता. एका कमी ऐकू येणाऱ्या माणसाचं कुतूहल होतं.

पण मामांनी काय पाहिलं? इवायानं रसाचा पहिला घास घेतला आणि इवाई पानावरून उठला.

"उठले?" मामा म्हणाले. त्यांचा चेहरा बघता बघता बदलला. "आंबट रसासाठी उठले? तुमी उठले तं आमी काहून बसू?" आणि ते उठले.

त्यांच्या मागे त्यांची अख्खी ओळ उठली. पत्रावळींची सळसळ झाली, कुणाचा तरी द्रोण लवंडला. मोठेबाबांनी खिडकीतून वळून पाहिलं तर समोरची सगळी पंगत उभी, आणि मामा उभे. त्यांना काय कळणार? त्यांना दिसलं ते एवढंच, की मुलीकडचा माणूस आपल्या पाहुण्याच्या देखत पानावरून उठला.

"मामा पानावरून उठला!" ते गरजले. "आमच्या मानसाईसमोर! उठा रे सारे!"

आमची ओळ उठली. मीही उठलो. नवरदेवानं बसून राहावं की नाही यावर माझ्या एकाही पुस्तकात काही नव्हतं.

"काय झालं ते तं सांगा गा कोनी!" कुणीतरी मागून केविलवाणं म्हणत होतं. सांगायला कुणाला वेळ नव्हता. मामा म्हणत होते मुलगी उमरेडला परत जाईल. मोठेबाबा म्हणत होते वऱ्हाड आत्ताच्या आत्ता मौद्याच्या गाडीत बसेल. आणि दोघेही एकाच दाराकडे निघाले, कारण कितीही अनर्थ झाला तरी उष्ट्या हातानं कुणी निघून जात नाही. हात धुवायचं पाणी मागच्या अंगणात होतं.

अंगणात एकच ड्रम होता. सकाळी नळाला आलेलं पाणी पंगतींमध्ये संपत आलं होतं, विहिरीत चिखल होता, आणि त्या ड्रममध्ये काय ते उरलेलं. तो ड्रम रस्त्याच्या डांबराचा, धुऊन घेतलेला, वर पत्र्याचं झाकण. आम्ही सगळे दारात पोचलो आणि थांबलो. झाकणावर नवरी बसली होती.

हळदीनं पिवळी झालेली, कपाळाला घाम, अंगावर मामांनी स्वतः विणलेलं लुगडं. त्याच्या काठासाठी मामांनी सारा हिवाळा घातला होता. खाली तिनं ओलं पोतं टाकून घेतलं होतं. स्वयंपाकघराच्या खिडकीतून तिनं सगळं पाहिलं होतं, मागल्या दारानं धावत आली होती, आणि तिला अजून धाप लागलेली होती. आणि ती हसत होती. घाबरून, धापा टाकत, पण हसत होती.

"उतर वं पोट्टे," मामा म्हणाले.

"नाही उतरत, मामा."

"हात धुवाचा हाये मले!"

"म्हणूनच नाही उतरत. हात धुतला नाही तोवर माणूस उठला असं होत नाही. जेवण चालू आहे तुमचं."

"कोनं सांगतलं?"

"शास्त्रात आहे."

"कोन्त्या शास्त्रात?"

"उमरेडच्या."

तिच्या मागे स्वयंपाकघराच्या दारात उभ्या बायकांतून एक खुदखुद निघाली आणि दाबली गेली. मामांचा उजवा हात रसानं कोपरापर्यंत पिवळा झाला होता. तो सदऱ्याला, धोतराला, कशालाच लागू नये म्हणून त्यांनी वर धरला होता. मोठेबाबांनीही तसाच धरला होता. दोन म्हातारे, भर उन्हात, हात वर करून उभे. आणि नागपूरच्या मे महिन्यातल्या साऱ्या माशांना ती वार्ता कळली होती.

"शेजारी जातो मी," मामा म्हणाले.

"जा ना. असा हात घेऊन गल्लीतून जा. लोक विचारतील, मामा, कोणाच्या लग्नातून उठून आले?"

मामा गेले नाहीत. डाव्या हातानं माशा हाकत राहिले.

"काय म्हनून राहिली थे?" मोठेबाबा ओरडले.

त्यांच्या कानाशी ओरडायचं म्हणजे सगळ्या वऱ्हाडासमोर ओरडायचं, आणि नवरीची बाजू कोण ओरडून सांगणार? तिनं माझ्याकडे पाहिलं. कागद नव्हता माझ्याजवळ. मी मोठेबाबांच्या कानाशी गेलो आणि जन्मात ओरडलो नव्हतो एवढ्यानं ओरडलो, "ती म्हणते, हात धुतला नाही तोवर तुम्ही उठलेच नाही!"

"मी कुठी उठलो?" मोठेबाबा माझ्यावरच खेकसले. "मी तं बातमी आयकाले गेलो होतो! आपल्यानं बॉम फोडला म्हन्ते!"

माशा हाकणारा मामांचा डावा हात थांबला.

"कोन्ता बॉम?" मामा म्हणाले.

"अनुबॉम! राजस्थानात!"

"रसासाठी नाई उठले तुमी?"

"काय?"

मी पुन्हा ओरडलो, "रस आंबट होता म्हणून उठलात का, विचारतात!"

"रस?" मोठेबाबांनी आपल्या हाताकडे पाहिलं, जणू तो तिथे आहे हे त्यांना आताच कळलं. "रस तं बेस होता!"

आता हसायला हरकत नव्हती, आणि बायका हसल्या. पण प्रकरण संपलं नव्हतं. दोघांनाही चूक कळली होती, तरी दोघेही उभे होते. आता आधी कोण बसणार? जो आधी बसेल तो हरला. मामांनी इवायाकडे पाहिलं, इवायानं मामांकडे. अस्त्र कुणीच खाली ठेवेना. तिनं ड्रमावरून सुचवलं, "मी तीन म्हटलं की दोघं एकदम जाऊन बसा. एक, दोन, तीन." कुणी हललं नाही. तिनं पुन्हा एक, दोन, तीन म्हटलं. पुन्हा नाही. दोघांनीही तीनला दुसऱ्याकडे पाहिलं.

एव्हाना पोतं वाळलं होतं. नागपुरात दुपारी ओलं पोतं किती वेळ ओलं राहणार? मी पाहिलं, ती एका बाजूनं उचलली जायची आणि दुसऱ्या बाजूवर टेकायची, मग ती बाजू उचलायची. झाकण तव्यासारखं तापलं होतं. तरी उतरेना. हसता हसता तिचे डोळे भरून येत होते आणि ते चटक्यांनी की हसण्यानं, हे तिला स्वतःलाही सांगता आलं नसतं.

मामांना ते दिसलं. आधी त्यांना लुगडं दिसलं. "अवं, डांबर लागन ना काठाले!" मग ती कशी बसते आहे ते दिसलं, आणि त्यांचा वर धरलेला हात खाली आला. धोतरावर रस उतरला त्याचं भान राहिलं नाही.

"उतर माय," ते म्हणाले. "चटके बसून राहिले तुले. उतर. मी बसतो."

ते वळले आणि सरळ आत जाऊन आपल्या पानावर बसले. मागे वळून पाहिलंसुद्धा नाही.

"काय झालं? कुठी गेले ते?" मोठेबाबा.

"बसले!" मी ओरडलो.

"बसले? मंग मले उभं काहून ठेवून राहिले?" आणि तेही गेले.

ती उतरली तेव्हा लुगड्याचा एक भाग झाकणालाच राहू पाहत होता. दोघीतिघींनी मिळून तो सोडवला. काठावर रुपयाएवढा डांबराचा डाग पडला, तो कधीच निघाला नाही. मामांनी गोरजाच्या वेळी तिला बोहल्यावर आणलं. ती जरा अलगद चालत होती. पाहुण्यांतल्या एका आजीबाईंनी तो लाजाळूपणा समजून तिचं कौतुक केलं. अंतरपाटाच्या पलीकडून मला फक्त हुंदक्यासारखे आवाज ऐकू येत होते. भटजींना वाटलं नवरी रडते आहे. मला माहीत होतं.

पैज कोण जिंकलं यावर आमचं आयुष्यभर एकमत झालं नाही. मी म्हणायचो, धाकानं सहा महिने शांतता राखली. चूक झाली ती ऐकण्याची, धाकाची नव्हे. ती म्हणायची, "ऐकण्याची चूक होणारच. माणसं काय बातम्यांना कान नाही लावणार? आणि घाबरलेला माणूस समोरच्याच्या प्रत्येक हालचालीत तेच बघतो ज्याला तो घाबरतो. मामाला रस दिसला." सरकारनं त्या स्फोटाला शांततामय म्हटलं होतं, त्यावर तर ती दोन दिवस हसत होती. "सोवळ्यातलं मटण," म्हणायची.

पावसाळ्यात माझं व्याख्यान झालं. ती पहिल्या रांगेत बसली होती, तेच लुगडं नेसून. डाग वर येईल असा पदर घेतला होता मुद्दाम. मी पुष्कळ तयारी केली होती. आता आपल्याकडेही अस्त्र करण्याची विद्या आली आहे, शेजारी काय करील, दोन्ही राजधान्यांमध्ये तातडीनं बोलण्याची सोय कशी असावी, सगळं मांडलं. प्रश्नांची वेळ आली. ती उठली.

"सर, ड्रमवर कोण बसतं?"

सभागृहाला काही कळलं नाही. प्राचार्यांनी "प्रश्न जरा स्पष्ट करा बाई" असं म्हटलं. मी कागद खाली ठेवला. पैजेचा निकाल लागला नव्हता, तरी ठरल्याप्रमाणे मला न वाचता उत्तर द्यायचं होतं. मी म्हणालो, "मला माहीत नाही." मग म्हणालो, "कुणी बसत असेल असं माझ्या वाचनात नाही." ती खाली बसली आणि पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते.

त्यानंतर मी धाकाचा अगदी विरोधक झालो असं नाही. आजही मला वाटतं, की त्या दोघांना एकमेकांचा धाक नसता तर बोलणी पहिल्याच दिवशी मोडली असती. पण वर्गात तो विषय शिकवताना मी दरवर्षी एका ठिकाणी अडखळायचो. मुलांना वाटायचं, सर टिपण विसरले. घरी ती विचारायची, "आज आला का तो धडा?" मी हो म्हणायचो. "बसलं का कोणी?" "नाही." मग ती चहा टाकायची.

आमच्यात भांडण झालं आणि मी रुसून ताटावरून उठायला लागलो की ती मोरीचं दार अडवून उभी राहायची. एकदा तर नळाला पाणी होतं तरी तिनं घरातले सगळे तांबे लपवले.

मोठेबाबा आधीच गेले होते. मामा मात्र तिच्या तेरवीला आले, उमरेडच्या दोन माणसांचा आधार घेत. उन्हाळाच होता, पंगतीत रस होता. मामा माझ्या शेजारी बसले. जेवणं झाली, एकेक जण उठला, मागे पाणी ओतल्याचे आवाज येऊ लागले. मीही उठायला निघालो. मामांनी डाव्या हातानं माझा गुडघा दाबला.

"बस गा," ते म्हणाले. "हात कुठी धुतला अजून?"

मग आम्ही दोघं तसेच बसून राहिलो. बोटांवरचा रस वाळून ताणला जात होता. वाढणारी मुलं रिकामी पातेली घेऊन दोनदा येऊन गेली. मामा मध्येच हसले, आणि मलाही हसू आवरेना.